दोन श्रेयांक

रविवारी सकाळी नऊला, सायनच्या एका सभागृहात
सही केली. नाव, नोंदणी क्रमांक, मोबाईल.
दुसरी सही दुपारी जेवणानंतर,
मधल्यामध्ये कुणी सटकू नये म्हणून.
तरी सटकतातच. डॉक्टर बुटाला पुलाव खाऊन जे गेले
ते चारला पेन शोधत उगवले.
मीही काही ज्ञानाच्या ओढीनं आले नव्हते.
नूतनीकरणाला चार श्रेयांक कमी पडत होते,
खोटं कशाला बोलू.

बोलायला उभी राहिली ती पोरगी
माझ्या दवाखान्याच्या पाटीहून लहान.
पाटी शहाऐंशीची. विक्रोळी, कन्नमवार नगर.
म्हटलं, ही मला दमा शिकवणार?
पायरीवरची धाप ऐकून
पडद्याआडून पेशंटचं नाव सांगते मी.

तिनं रिकामे पंप वाटले.
सर, मॅडम, करून दाखवा.

साठ डॉक्टर. कुणाचं टक्कल, कुणाचा कलप,
दोघांच्या तर छातीत पेसमेकर.
हलवला, ओठांत धरला, दाबला, ओढला.
ती रांगांमधून हिंडत माझ्यापाशी थांबली.
"मॅडम, तुम्ही आधी श्वास सोडला नाहीत."
हळूच म्हणाली, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं.
ते हळूच म्हणणंच जास्त लागलं.

भरल्या छातीत औषध शिरणार कुठून?
घशाशी बसतं, जीभ कडू करतं, झालं.
आणि मी वीस वर्षं सांगत आलेय,
दाबा आणि जोरात ओढा.
जोरात! तेही चुकलंच.

भानुदास शिंगरे. पावडर कोटिंगच्या कारखान्यात होते.
दर महिन्याला तेच: बाई, फरक नाय.
मी डोस वाढवला. पंपाचा रंग बदलला.
एकदा वैतागून म्हणाले, तुम्ही नीट घेतच नाही.
त्यांनी मान खाली घातली,
माझ्या टेबलावरच्या रबरी शिक्क्याकडे बघत राहिले.

आमचे कंपाउंडर मयेकर, सातवी नापास,
बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवता चिकटवता म्हणायचे,
बाई, नाडीआधी चपला बघा.
कुठल्या बाजूनं झिजल्यात ते बघा.
तेव्हा मी सव्वीसची, नवी पदवी, नवा टेथोस्कोप.
हसले होते. मग बघू लागले.
अजून बघते.
त्याचे श्रेयांक कुणी दिले नाहीत,
आणि मयेकरांना मी कधी सांगितलंही नाही.

बसमध्ये प्रमाणपत्र उलटं केलं.
मागच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहीत गेले,
पंपवाले सगळे, आठवतील तसे.
घाटकोपर येईतो सत्तावीस.
तिघांपुढे फुली. ते आता फोन उचलणार नाहीत.
माझ्यामुळे? नाही.
माहीत नाही.
"माहीत नाही" असंच लिहिलं, फुलीशेजारी, बारीक अक्षरात.

सोमवारी शिंगरे आले. बसा म्हटलं.
म्हटलं, चूक तुमची नव्हती,
मलाच शिकवता येत नव्हतं.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, म्हंजे आता फी परत?
दोघं हसलो. त्यांना हसताना धाप लागली.

आधी सोडा, म्हटलं. सगळा. अजून आहे आत, सोडा.
आता हळू घ्या.
आता धरा. दहापर्यंत मी मोजते.
बोटं वर केली, बालवाडीतल्या बाईंसारखी.
सहावर त्यांना खोकला आला.

काही हरकत नाही, म्हटलं. पुन्हा.
आणि त्यांच्याबरोबर मीही श्वास सोडला.